प्लेगची लस आणि विश्वासाचे मोल : डॉ. वाल्डेमार हाफकिन

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. कोणी केईएम रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, कोणी टाटा रुग्णालयात, कोणी नोकरीच्या ठिकाणी. या मार्गावरच्या जुन्या झाडांआडून डोकावणारी हाफकिन संस्थेची वास्तू बहुतेकांच्या नजरेखालून गेलेली असते. सर्पदंशावरील औषध आणि पोलिओचा डोस यांच्याशी हे नाव जोडले गेले आहे, एवढेही पुष्कळांना ठाऊक असते. मात्र हे नाव एका माणसाचे होते, तो माणूस ना मुंबईचा होता ना इंग्लंडचा आणि एका भयंकर साथीत त्याने मुंबईकरांच्या आयुष्यात एक अगदी नवी सवय रुजवली, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

ती सवय म्हणजे आजारी नसताना टोचून घेणे. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष वाटत नाही. पण १८९७ च्या मुंबईत धडधाकट माणसाने परक्या डॉक्टरपुढे उभे राहून अंगात मेलेले रोगजंतू टोचून घ्यावेत, ही कल्पनाच विलक्षण होती. ती लोकांना कशी पटली आणि पटलेली असूनही एका अपघाताने कशी डळमळली, ही कहाणी म्हणजेच डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र होय.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. काळ्या समुद्राच्या काठावरील हे बंदर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धांत मांडून पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले हेच ते मेचनिकॉव्ह.

विद्यार्थिदशेतच हाफकिन झारविरोधी चळवळीकडे ओढले गेले. १८८१ साली ओडेसातील ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तेही होते. त्यांना अटक झाली. मेचनिकॉव्ह यांनी मध्यस्थी केल्याने त्यांची सुटका झाली, पण विद्यापीठातील पुढची वाट बंद झाली. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास प्राध्यापकपद मिळण्याची शक्यता होती. हाफकिन यांनी ती नाकारली आणि काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करून १८८८ साली देश सोडला. जिनिव्हात अल्पकाळ अध्यापन केल्यानंतर १८८९ मध्ये ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले. तिथेही प्रारंभी जागा रिकामी होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. ती त्यांनी आनंदाने पत्करली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवला.

त्या काळात युरोपात पटकीची, म्हणजेच कॉलऱ्याची दहशत होती. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंवर प्रयोग करून एक लस तयार केली. प्राण्यांवर ती यशस्वी ठरली. माणसावरील पहिल्या प्रयोगासाठी त्यांनी दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण काही दिवसांत प्रकृती पूर्ववत झाली. त्यानंतरच मित्र व सहकारी यांची पाळी आली. हा क्रम हाफकिन यांनी पुढेही मोडला नाही.

कोलकात्याच्या वस्तीत

पटकीचे माहेरघर म्हणून तेव्हा बंगालकडे बोट दाखवले जाई. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या प्रोत्साहनाने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कोलकात्यात उतरले. रशियातून आलेला हा ज्यू तरुण हेर तर नसेल ना, अशी शंका काही इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात होती. वैद्यकाची पदवी नसलेल्या या माणसाने टोचणी करीत हिंडावे, हे लष्करी डॉक्टरांपैकी काहींना रुचणारे नव्हते.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्याच्या कट्टल बागान या गरीब वस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. शहराचे आरोग्याधिकारी सिम्प्सन यांनी हाफकिन यांना बोलावून घेतले. वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे तिथे पटकीचे आणखी १० रुग्ण आढळले, त्यांतील ७ दगावले. हे दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते. ही बातमी सरकारी अहवालापेक्षा लवकर शेजारच्या वस्त्यांत पोहोचली.

या अनुभवातून हाफकिन एक गोष्ट शिकले. हुकूम काढून वस्तीत शिरले की दारे बंद होतात, लोक दगड उचलतात. पण सोबत स्थानिक भाषा बोलणारे बंगाली डॉक्टर असले, घाई न करता शंकांना उत्तरे दिली आणि आधी स्वतःला टोचून दाखवले, तर तीच माणसे बाही वर करून पुढे येतात. सक्तीने टोचायचे नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले. आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत ४० हजारांहून अधिक लोकांना टोचून, मलेरियाने खंगलेले हाफकिन १८९५ मध्ये उपचारांसाठी युरोपात परतले. १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले, ते पटकीचे काम पुढे नेण्यासाठी. पण त्यांच्यापुढे दुसरेच संकट वाढून ठेवले होते.

मुंबई रिकामी झाली

चीनमधून हाँगकाँगमार्गे निघालेला प्लेग १८९६ च्या पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात पोहोचला. मांडवीच्या धान्याच्या वखारींभोवतीच्या दाट वस्तीत माणसे तापाने फणफणू लागली, जांघेत आणि काखेत गाठी येऊ लागल्या. मूळचे गोव्याचे डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी २३ सप्टेंबर रोजी हा प्लेग असल्याचे निदान केले. लोकांनी या रोगाला गाठीचा ताप म्हटले.

साथीत माणसे आपले रोजचे वागणे कसे बदलतात, याचे चित्र पुढच्या काही महिन्यांत मुंबईने पाहिले. पहिला बदल होता पळ काढण्याचा. सुमारे सव्वाआठ लाख वस्तीच्या या शहरातून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. कोकणात जाणाऱ्या बोटी, घाटावर जाणाऱ्या गाड्या भरभरून वाहू लागल्या. गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले आणि रोजची मजुरी रोज देऊन ते टिकवून धरण्याची वेळ मालकांवर आली.

दुसरा बदल होता लपवण्याचा. पालिका आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आदेश काढला. परिणाम उलटा झाला. घराघरांत आजारी माणूस माळ्यावर, कोठीत दडवला जाऊ लागला. मृत्यूचे कारण दुसरेच सांगितले जाऊ लागले. आर्थर रोडच्या रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसांच्या शरीरातून मोमियाई काढतात, अशा अफवा पसरल्या. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर चाल केली. दुसऱ्याच दिवशी पालिकेला सक्ती सैल करावी लागली.

पण सरकारने यापासून फारसा बोध घेतला नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा लागू झाला. कोणाच्याही घरात शिरण्याचे, प्रवाशांना उतरवून तपासण्याचे, घरे पाडण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली जात होती, भिंतींना चुना फासला जात होता, उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली जात होती, दारांवर वर्तुळाच्या खुणा रंगवल्या जात होत्या. पुण्यात रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या घेतल्या. देवघर, माजघर यांची मर्यादा राहिली नाही. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत झडतीवरून दंगल उसळली.

याच काळात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलासोबत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्ण सोजिरांच्या धाकाने लपत होता, पण आपल्या माणसाच्या हाती स्वतःला सोपवत होता. मुंबईत वेगवेगळ्या जातिजमातींना स्वतःची प्लेग रुग्णालये काढण्याची मुभा मिळाली, तेव्हाही हाच अनुभव आला. जिथे स्वयंपाक आपला, भाषा आपली आणि नातेवाइकांना भेटण्याची सोय, तिथे लोक आपणहून रुग्णाला नेऊ लागले.

एक खोली आणि एक व्हरांडा

हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत त्यांना एक खोली आणि तिला लागून असलेला व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांच्या आत प्लेगची लस तयार केली. कामाच्या ताणाने त्यांचे एकामागून एक साहाय्यक गळून पडले.

लशीची कृती समजण्यासारखी आहे. मांसाच्या सत्त्वाच्या पातळ रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. रसावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या आधाराने जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात. चंबू हलवला की ते तळाशी बसतात आणि वर नवी वाढ सुरू होते. सुमारे सहा आठवड्यांनी हे सारे तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. या रसासाठी गाय आणि डुक्कर या दोन्हींचे मांस टाळून हाफकिन यांनी बोकडाचे मांस वापरले. लशीत काय आहे हा प्रश्न हिंदू आणि मुसलमान दोघेही विचारणार, याची जाणीव त्यांना होती. ज्याच्या अंगात सुई टोचायची, त्याच्या मनातील विटाळाची भीतीही त्यांनी आपल्या शास्त्राचाच एक भाग मानली.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० मिलिलिटर लस स्वतःला टोचवून घेतली. नंतर सर्वसामान्य माणसाला दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा कितीतरी मोठी होती. कोणी लशीच्या धोक्याविषयी विचारले, तर ठामपणे उत्तर देता यावे हा त्यामागचा हेतू होता. तीव्र वेदना आणि ताप अंगावर काढत त्यांनी काम चालू ठेवले. त्यानंतर कॉलेजातील डॉक्टर आणि शहरातील काही प्रतिष्ठित नागरिक पुढे आले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारी रोजी हाफकिन यांनी कैद्यांपुढे लशीची माहिती ठेवली. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले, उरलेल्यांनी नाही. एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर राहणाऱ्या या दोन गटांची पुढची नोंद बोलकी होती. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना प्लेग झाला, पण दोघेही बरे झाले.

आगाखानांचा पुढाकार

तुरुंगातील आकड्यांनी डॉक्टरांची खात्री पटली. चाळीतल्या माणसाची खात्री पटण्यासाठी मात्र त्याच्या ओळखीचा कोणीतरी पुढे यावा लागतो. लशीने पुरुषत्व जाते, लस घेतली की त्याच रात्री मरण येते, ती धर्म बाटवण्यासाठी आहे, अशा वावड्या गल्लोगल्ली उठत होत्या. अशा वेळी खोजा जमातीचे विशीतील धर्मगुरू आगाखान तिसरे यांनी जाहीरपणे टोचून घेतले. आपल्या अनुयायांनी ते पाहावे, अशी व्यवस्था त्यांनी केली. माझगावचा आपला खुश्रू लॉज हा प्रशस्त बंगलाही त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी खुला केला. खोजा जमातीतील हजारो माणसांनी टोचून घेतले आणि त्या जमातीत प्लेगचे बळी लक्षणीय घटल्याचे दिसून आले.

यावर शंका घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. जो टोचून घेतो तो मुळातच सावध, सुस्थितीतला असतो, मग त्याच्या बचावाचे श्रेय लशीला का द्यायचे? हाफकिन यांनी या शंकेला प्रयोगाने उत्तर दिले. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंधेरा या प्लेगग्रस्त गावात त्यांनी घरोघरची माणसे गोळा केली आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या माणसांना टोचले. म्हणजे घर तेच, चूल तीच आणि उंदीरही तेच. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना तो झाला आणि त्यांतील २६ मृत्युमुखी पडले.

तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील हुबळी, धारवाड भागात १८९८ साली टोचणीची मोठी मोहीम झाली. ज्यांनी टोचून घेतले त्यांना दाखला मिळू लागला. हा दाखला जवळ असला की विलगीकरणाच्या छावणीतून सूट मिळे. घरझडतीला कंटाळलेल्या अनेकांना लस हा सोयीचा मार्ग वाटू लागला. तिच्या शास्त्रावर विश्वास असलेले काही होते, दाखल्यापुरते येणारेही काही होते. पण दोघांच्याही घरी जे घडले ते शेजाऱ्यांनी पाहिले आणि त्या पाहण्यातून हळूहळू लोकमत बदलले.

लोकांच्या इतर सवयीही याच काळात बदलल्या. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे, हे खेड्यापाड्यांनी आपल्या अनुभवावरून ठरवून टाकले. गावाबाहेर माळावर झोपड्या घालून साथ ओसरेपर्यंत राहण्याची पद्धत पडली. उंदरावरील पिसू प्लेग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. गावकऱ्यांनी मात्र त्याआधीच उंदरांकडे पाहून गाव सोडायला सुरुवात केली होती. शहरात हवा आणि उजेड यांचे महत्त्व पटू लागले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले.

सरकारही एव्हाना नमते झाले होते. प्लेग आयोगाने लशीच्या मात्रेतील अनिश्चितीवर टीका केली, पण तिची उपयुक्तता मान्य केली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. एका व्हरांड्यात सुरू झालेले काम आता गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानी आले होते.

मुलकोवालची बाटली

१९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले होते. तिथल्या सरकारने मोठ्या प्रमाणावर टोचणी करण्याचे ठरवले आणि परळच्या प्रयोगशाळेकडे लशीची प्रचंड मागणी नोंदवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते.

ज्या लशीने मृत्यू टळावा तिनेच मृत्यू आणला, हा आघात केवढा असेल याची कल्पना करता येईल. इतकी वर्षे जपलेला विश्वास आठ दिवसांत उद्ध्वस्त झाला. पंजाबातील मोहीम कोलमडली. मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. वाढती मागणी पुरवण्यासाठी हाफकिन यांनी लशीतील कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत स्वीकारली होती. पाश्चर संस्थेत ती रूढ होती. मात्र आयोगाने बाटली मुंबईतच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढून ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले.

पण तपशील दुसरेच काही सांगत होते. बाटली मुंबईतून दूषित होऊन निघाली असती, तर आत धनुर्वाताचे जंतू माजून तिला घाण वास सुटला असता. ती उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. त्याच वेळी साहाय्यकाच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. म्हणजे दोष प्रयोगशाळेतला नसून मुलकोवालच्या त्या क्षणातला असण्याचीच शक्यता अधिक होती.

हाफकिन यांनी हार मानली नाही, पण लढा एकट्याने जिंकण्यासारखा नव्हता. मलेरियाचा डासांशी असलेला संबंध भारतातच सिद्ध करणारे नोबेल विजेते रोनाल्ड रॉस त्यांच्या मदतीला धावले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप पुराव्याने खोटे ठरतात, असे त्यात म्हटले होते. संसदेतही प्रश्न विचारले गेले. अखेर सरकारने त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाची आठवण तेव्हा अनेकांना झाली. निर्दोष ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवणाऱ्या त्या खटल्याचीच ही लहान आवृत्ती होती.

या विलंबाची किंमत एकट्या हाफकिन यांनी मोजली नाही. ज्या १९०७ साली त्यांची बाजू जगासमोर आली, त्याच वर्षी भारतात प्लेगने बारा लाखांहून अधिक बळी घेतले. कोणत्याही एका वर्षातील हा सर्वांत मोठा आकडा होता आणि त्यात सर्वाधिक होरपळला तो पंजाब. मुलकोवालनंतर लशीकडे पाठ फिरवलेल्या गावांपैकी किती माणसे वाचू शकली असती, हे कोणालाच मोजता येणार नाही.

शेवटची वर्षे

हाफकिन भारतात परतले ते कोलकात्याला. मुंबईतील त्यांचे पद भरले गेले होते. लोकांमध्ये जाऊन टोचणीचे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना पुन्हा मिळाली नाही. मोठ्या साथींत वस्त्यावस्त्यांत हिंडलेल्या या माणसाची शेवटची नोकरी प्रामुख्याने प्रयोगशाळेच्या चार भिंतींत गेली. निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले आणि नंतर स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. तरुणपणी ज्या धर्माचा त्याग करायला त्यांनी नकार दिला होता, त्याच्या अभ्यासात आणि आचरणात त्यांनी उत्तरायुष्य घालवले. ते अविवाहित राहिले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक पाठशाळांच्या मदतीसाठी ठेवली. ऑक्टोबर १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधीच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले होते. ज्या संस्थेतून त्यांना मान खाली घालून जावे लागले, तिच्यावर त्यांच्या हयातीत त्यांचे नाव लागले, एवढे समाधान त्यांच्या वाट्याला आले. १८९७ ते १९२५ या काळात या संस्थेतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. भारताच्या टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ महाराष्ट्रात पोहोचली, तेव्हा राज्य सरकारने जो कायदा लागू केला तो १८९७ चाच होता. पुन्हा शहरातून गावाकडे जाणारे लोंढे दिसले, पुन्हा रुग्ण असल्याचे लपवले गेले, पुन्हा इमारतींच्या दारांवर फलक लागले. हात धुणे, मुखपट्टी, अंतर या सवयी काही आठवड्यांत अंगी आल्या आणि साथ ओसरताच त्यांतील बऱ्याचशा सुटल्या. लशीविषयीच्या वावड्याही थोड्याफार फरकाने त्याच होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच लोकलचा प्रवास खुला झाला, तेव्हा लसीकरणाच्या प्रमाणपत्राला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या टोचणीच्या दाखल्यासारखेच मोल आले.

या दोन साथींच्या मध्ये विज्ञान फार पुढे गेले. माणसाचा स्वभाव मात्र फारसा बदललेला नाही. धाक दाखवला तर तो रोग लपवतो, समजावून सांगितले तर ऐकतो आणि सांगणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवले तर बहुधा त्याच्या मागे जातो. हाफकिन यांना हे कळले होते. हा विश्वास मिळवायला वर्षे लागतात, तो एका बाटलीने जाऊ शकतो आणि गेला तर चूक कोणाची होती हे तातडीने, निःपक्षपातीपणे शोधून लोकांना सांगावे लागते, हे त्यांच्या काळातील राज्यकर्त्यांना मात्र वेळेवर कळले नाही. त्यासाठी हाफकिन यांना पाच वर्षे थांबावे लागले. प्लेगला थांबण्याचे कारण नव्हते.